नाडी बिघडलेल्यानं चालायचं की खाटेवर बसायचं?

वडगावची लेक
परवा खानापूरकरांनी इथं लिहिलं, 'हृदय कमजोर, त्यात ठोके वेडेवाकडे, अशा म्हाताऱ्यांना फिरायला काढणं म्हणजे मोडक्या बैलाला चढावर जुंपणं. गप्प बसवा, पाय दाबा.' खाली जोडलेल्या हातांची ही रांग! बाबांनी ते वाचलं आणि काल सकाळी चपलाच घातल्या नाहीत. म्हणून लांबड लावते.

बाबांच्या हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर ढकललं जाणारं रक्त) ३० टक्के, सोबत एएफ, म्हणजे ठोके वेडेवाकडे पडण्याचा आजार. गेल्या पावसाळ्यात आम्हीही हेच केलं होतं, खाटेवर बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आमचीच अक्कल. दोन महिन्यांत मांड्या काठीसारख्या झाल्या. संडासातून उठताना दाराची कडी धरायचे. ते सगळं काही हृदयामुळं नव्हतं.

आता डॉक्टरांना विचारून गल्लीतले विजेचे खांब मोजत चालतात. सुरुवात दोन खांबांपासून, आज नऊ. मी शेजारून बोलत जाते, त्यांचं वाक्य मध्येच तुटलं की थांबायचं. हा बैल मोडका नाही, बसवून ठेवलेला होता.

खानापूरकर
नऊ खांब झाले, आनंद आहे. माझा थोरला काका राजहंसगडाच्या चढावर मटकन खाली बसला, ओठ काळेनिळे. हातातल्या घड्याळात नाडी ८४! दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली तर ठोके १५० च्या वर. आणि ते 'वाक्य तुटलं की थांबा' काय सांगता? काका बोलतच नव्हता, अभंग म्हणत चालला होता. अभंगात माणूस श्वास घेतोच की मध्ये मध्ये.

टिळकवाडीचा फिजिओ
काकांच्या घड्याळाचं सांगतो, कारण ही चूक रोज बघतोय. एएफमध्ये काही ठोके इतके लवकर पडतात की हृदयात रक्त भरायच्या आतच ते दाबलं जातं. असा ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. छातीवर नळी लावली तर ९६, मनगटावर ७४, हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्या आकड्यावर चढ चढू नये.

वरचे कप्पे नुसते थरथरतात, त्यामुळं शेवटचा जो ढकला मिळायचा तो जातो. खालच्या कप्प्यात भरणाऱ्या रक्ताचा पाचवा-चौथा हिस्सा त्यावर असतो. त्यात चालताना ठोके भरमसाट वाढले की भरायला वेळ उरत नाही. म्हणून तेवढंच पंपिंग असलेल्या, पण ठोके नियमित असलेल्या माणसापेक्षा हा आधी दमतो. आळशीपणा नव्हे तो.

पण दमतो म्हणून बसवायचं? २००९ साली एचएफ-अ‍ॅक्शन नावाचा मोठा अभ्यास छापून आला, २,३३१ पेशंट, सगळ्यांचं पंपिंग ३५ टक्के किंवा कमी. आधी देखरेखीखाली, मग घरी व्यायाम. त्यातले एएफवाले सुरुवातीलाच मागे होते, तरी व्यायामानं त्यांचीही ताकद वाढली. मृत्यू आणि दवाखान्यात भरती होण्याच्या मूळ हिशेबात ठळक फरक दिसला नाही, हे खानापूरकर ओरडण्याआधी मीच कबूल करतो.

खानापूरकर
कुठली माणसं होती ती?

टिळकवाडीचा फिजिओ
अमेरिका, कॅनडा, फ्रान्स.

खानापूरकर
झालं! तिकडं गुळगुळीत फूटपाथ. इकडं उघडी गटारं आणि वळणावळणावर कुत्री.

निपाणीचा मामा
फूटपाथ राहू दे, मुळात हा व्यायाम शिकवतो कोण? मेहुण्याला एका मोठ्या दवाखान्यातून सोडलं, हातात आहार-व्यायामाची चिठ्ठी दिली, अख्खी कानडीत. घरात एकालाही वाचता येईना. २०२३ ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या आपल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना मोफत उपचाराची महात्मा फुले योजना लागू केली म्हणून कोल्हापूरला नेलं. खिडकीवरचा म्हणतो, एक कागद कमी आहे. एवढ्या लांबून हात हलवत परत! इकडचे म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात कागद आणा.

शहापूरची आक्का
मामा, प्रत्येक धाग्यात तुमचं तेच. माझा हार्टचा डॉक्टर कानडी आहे. 'आज्जी, जिना चढताना दम लागतोय काय?' असं मराठीत विचारतो. चिठ्ठी कळली नाही तर शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायची होती.

निपाणीचा मामा
शेजारच्या पोराकडून? माणूस मरायला टेकलाय आणि आम्ही दारोदार भाषांतर मागत फिरायचं? तुम्हाला डॉक्टर बरा भेटला म्हणून आमचा हक्क गेला काय?

शहापूरची आक्का
हक्क मागा की! पण दर १ नोव्हेंबरला सीमाप्रश्नाची काळी फीत बांधून उरलेलं वर्ष कोल्हापूरकडं तोंड करून बसल्यानं मेहुण्याच्या मांड्या भरणार नाहीत.

निपाणीचा मामा
काळी फीत काढायची नाही, आक्का. घरातली माणसं तुरुंगात गेलीत आमची. तोंड सांभाळून.

वडगावची लेक
अहो, बाबांच्या चपलांचं काय? त्यांनी हे सगळं वाचलं तर आज परत बसतील.

टिळकवाडीचा फिजिओ
आधी बसल्या जागी ठोके बघून घ्या, मनगटावर नव्हे, छातीवर. ११० च्या वर असतील तर त्या दिवशी चालणं नाही, डॉक्टरांना फोन. रोज सकाळी लघवी करून, खायच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, तब्येत सुधारली म्हणून पेढे वाटू नका. लघवीची गोळी घेऊन लगेच बाहेर पडू नका, खांब सोडून आडोसा शोधावा लागेल. आणि चढ नको, सपाट गल्ली बरी.

खानापूरकर
'चढ नको', हेच तर मी म्हणत होतो!

वडगावची लेक
तुम्ही 'चालू नको' म्हणत होता. आणि काकांना असल्या हृदयानं गडावर नेलं तरी कुणी?

खानापूरकर
...मीच. घड्याळ पण मीच घेऊन दिलेलं. ८४ बघून म्हणालो, चला की काका, अजून थोडंच राहिलंय. काका आहे अजून, पण अंगणात पण येत नाही. मोडका बैल तेवढं मागं घेतो. बाबांना सांगा.

वडगावची लेक
सांगितलं. चपला शोधालेत. काकांना घरातनं अंगणापर्यंत तरी आणा, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

निपाणीचा मामा
ते सगळं राहू दे. ८६५ मधल्या कुणाचं कार्ड कोल्हापुरात खरोखर चाललंय काय? कुठला कागद लागतोय तेवढं लिहा.