शाळेचा स्कर्ट, ‘आपली परंपरा’ आणि आजीचा कासोटा

बकुळी :
लेक आठवीत गेली. परवा पालकसभा झाली. शाळेचं नाव लिहीत नाही, पोरीला अजून तीन वर्षं तिथे काढायची आहेत. गणवेश असा: मुलांना फुलपँट, मुलींना गुडघ्याखाली चार बोटं येईल असा निळा चुण्यांचा स्कर्ट. मी एवढंच विचारलं, की ज्या मुलींना पँट हवी त्यांनी घातली तर चालेल का? पुलावर समोरून वारा असतो. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात स्कर्ट, असं ध्यान रोज सकाळी मी गॅलरीतून बघते.
बाई म्हणाल्या, “मुलींनी स्कर्ट घालणं ही आपली परंपरा आहे.” मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी मानाही डोलावल्या.
शिस्त म्हणा, एकसारखेपणा म्हणा, ऐकून घेतलं असतं. पण ‘आपली’? माझी आजी जन्मभर नऊवारीत होती. मागे कासोटा घट्ट, खाली परकर-बिरकर काही नाही. त्याच लुगड्यात भातलावणी केली, झाडावर चढून कैऱ्या पाडल्या. म्हणजे पाय दोन असतात हे त्या वस्त्राला माहीत होतं! गोल साडी मागाहून आली आणि तिला आधार म्हणून खाली परकर आला. आजी गोल नेसणाऱ्या सुनांना म्हणायची, “पायात पाय अडकून पडशील गं.”
परंपरेच्या नावाने गणवेश ठरवायचाच असेल तर पोरींना कासोटा द्या. निळा चुण्यांचा स्कर्ट इंग्रजी शाळांकडून उचललाय, हे तरी कबूल करा. मंडळी, काय म्हणता?

तिरकस तात्या :
बकुळीताई, आजी आठवली तशी आईही आठवा. परकर-पोलकं कुठे गेलं? आमच्या तिन्ही बहिणी पाचवी-सहावीपर्यंत परकरात शाळेत गेल्या. इरकली काठाचा परकर, खणाचं पोलकं, दोन वेण्या वर बांधलेल्या. तो परकर म्हणजे कमरेला नाडी, खाली घेर, पाय एकत्र. स्कर्टच की! लांबी कमी केली म्हणून जात बदलते का? शिवाय आमच्या भागात तांड्यावरच्या बंजारा बायकांचा फेटिया बघा. आरसे, कवड्या, केवढा तो घेर. तोही इंग्रजांनी आणला?
सरसकट ‘आपलं नाही’ म्हणायची फॅशन झाली आहे. शाळेने नियम केला, पाळा. उद्या पोरगी म्हणेल गणवेशच नको.

शिवणटिपण :
तीस वर्षं मशीनवर बसतेय, म्हणून तात्यांना टोकते. परकर आणि शाळेचा स्कर्ट कापडावर ठेवलेत तर भावंडंसुद्धा वाटणार नाहीत.
परकर सरळ पन्ह्याचा. वर नेफा, त्यात नाडी, खाली काठ. आणि त्याची खरी गंमत टकांत, म्हणजे कापड दुमडून टिप मारलेल्या घड्यांत, असते. आठ वर्षांच्या पोरीचा परकर शिवताना काठाच्या वर दोन-तीन आडव्या टका घालायच्या. वर्षाने पोर वाढली की एक टक उसवायची, दिवाळीला दुसरी. एक परकर तीन वर्षं. उसवलेल्या जागी जुन्या टिपेची रेघ राहते, कापडाचा मूळ रंग तिथे गडद दिसतो. त्या रेघा मोजून पोरगी किती वाढली ते सांगता यायचं. नाडी ओढली की कंबर लहान, सोडली की मोठी. मापाची कटकटच नाही.
शाळेचा स्कर्ट म्हणजे पट्टा, चेन, हूक. चुण्या पूर्ण घातल्या तर सीटच्या, म्हणजे नितंबांच्या घेराच्या, मापाच्या तिप्पट कापड लागतं. ३६ इंच सीट असेल तर १०८ इंच, वर शिवणीचं वेगळं. पैसे वाचवायला तयार गणवेशवाले चुण्या उथळ घेतात, मग पोरगी बसली की चुणी फाकते आणि आई माझ्याकडे येते. दर जूनमध्ये हेच.

बकुळी :
ताई, टकांच्या रेघा वाचून आईच्या ट्रंकेतला माझा परकर काढून बघितला. दोन रेघा आहेत!
तात्या, परकर होता, मान्य. पण तो पोरवयाचा. पोरगी मोठी झाली की परकर सुटायचा, लुगडं यायचं. आणि त्याच परकरात लंगडी खेळायची तर आधी तो वर खोचायला लागायचा. खोचून घेतला म्हणजे काय केलं? दोन पाय मोकळे केले.

झिम्मा फुगडी :
मी बकुळीच्या विरुद्ध. पाचवी ते दहावी स्कर्ट घातला, अकरावीत कॉलेजला सलवार आली आणि पहिल्याच पावसात रडू आलं. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंत घोटाभर लाल चिखल. सलवारीचे पाय पोटरीपर्यंत लदबदलेले, तसंच दुपारपर्यंत वर्गात बसायचं. स्कर्टात पाय धुतले की झालं. मे महिन्यात वारा लागतो. आणि बायकांनो, शाळेतल्या बाथरूमची ओली फरशी आठवा. पँट पूर्ण खाली करायची तर पायांचं टोक कुठे धरायचं? पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. हे मुद्दे पालकसभेत कुणी बोलत नाही, कारण निम्मे पालक बाबा असतात.
मला राग याचा येतो, की पँट म्हणजे मोकळीक आणि स्कर्ट म्हणजे बंधन हे आपण गृहीतच धरलंय. पुरुष घालतात ते सोयीचं, बायका घालतात ते गैरसोयीचं, असं का? मुलांना विचारा बरं, मार्चच्या उन्हात टेरिकॉटची फुलपँट कशी वाटते.

उत्तरेचा वारा :
झिम्मा, मुलांना विचारलं गेलंय, किंवा त्यांनीच सांगितलंय. मी इंग्लंडात राहतो. जून २०१७ मध्ये इथे उकाड्याची लाट आली. एक्झिटर गावातल्या एका शाळेत मुलांना अर्धी चड्डी चालत नव्हती. मुलांनी नियम वाचले. स्कर्ट गणवेशात आहे म्हटल्यावर बहिणींचे, मैत्रिणींचे स्कर्ट घालून पाचपन्नास पोरं शाळेत हजर! त्याच आठवड्यात फ्रान्सच्या नांत शहरात बसचालकांनीही तेच केलं, कारण त्यांनाही अर्धी चड्डी मना होती. दाढीवाले ड्रायव्हर, गुडघ्यापर्यंत स्कर्ट. फोटो बघून हसलो, पण वारा लागत असणार हे खरं.

तिरकस तात्या :
म्हणजे गोऱ्यांच्या पोरांनी केलं की ते बंड, आमच्या बाईंनी सांगितलं की जुलूम. छान. त्या स्कॉटलंडच्या लोकांना जाऊन सांगा की किल्ट, म्हणजे तो पुरुषांचा चुण्यांचा स्कर्ट, सोडा. नाही सोडणार. त्यांना परंपरेची किंमत आहे.

उत्तरेचा वारा :
तात्या, उदाहरण चुकीचं निवडलंत. मूळचं वस्त्र म्हणजे लांबच लांब लोकरी पट्टा. तो चुण्या घालून कमरेला बांधायचा आणि उरलेला खांद्यावर घ्यायचा. हल्ली दिसतो तो कमरेखालचा आटोपशीर शिवलेला किल्ट १८व्या शतकातला. त्याचं श्रेय बरेच जण टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रजाला देतात. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, त्याची लोखंडाची भट्टी होती, कामगारांना तो मोठा पट्टा अडचणीचा व्हायचा म्हणून त्याने निम्मा केला म्हणे. स्कॉटिश मित्रांसमोर हे बोलून बघा, बिअर अंगावर येते. त्यांचं म्हणणं, आखूड किल्ट आधीपासूनच होता.
पुढचं मात्र कागदोपत्री आहे. तिथलं राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँड्समध्ये पुरुषांना हा पोशाख बंद केला. १७८२ मध्ये बंदी उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून आला आणि ज्यांच्या आज्यापणज्यांनी कधी किल्ट घातला नव्हता असे सखल भागातले सरदारही रातोरात ‘परंपरा’वाले झाले. बंदीपासून राष्ट्रीय पोशाखापर्यंत ७६ वर्षं.

खापरपणजी :
परंपराच मोजायची तर माझी एन्ट्री घ्या. डेन्मार्कमध्ये एग्तवेद गावाजवळ १९२१ मध्ये एक थडगं उघडलं. ओकच्या खोडाची पेटी, आत १६ ते १८ वर्षांची मुलगी. पेटीच्या लाकडाच्या वर्तुळांवरून काळ निघतो इसवी सनापूर्वी १३७०. तिच्या अंगावर लोकरी दोऱ्यांचा स्कर्ट. कमरेला पट्टी, तिला लोंबणारे पिळाचे दोरे, दोनदा गुंडाळलेला. लांबी ३८ सेंटीमीटर! आता पट्टी घेऊन स्वतःच्या कमरेपासून मोजा कुठे येतं ते. वर पोटावर ब्राँझची गोल चकती.
साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पोरीला ‘हल्लीच्या मुली’ म्हणणारी कुणी आत्या असेलच.

शिवणटिपण :
मोजलं. मांडीच्या मध्यावर. अशा मापाचं शिवायला आणलं तर मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारीन.

झिम्मा फुगडी :
खापरपणजीला दंडवत. आता लांबीचंच सांगते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात कापडावर रेशन होतं, स्कर्टाला चुण्या किती घालायच्या यावरही सरकारी नियम. आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये दिओर या फॅशन डिझायनरने पोटरीखाली जाणारे, भरपूर घेराचे स्कर्ट आणले. इंग्लंडातलं रेशन उठायला अजून दोन वर्षं होती. अमेरिकेत बायका फलक घेऊन दिओरच्या विरोधात उभ्या राहिल्या, की आम्हाला लांब स्कर्ट नकोत. १९६६ मध्ये पुन्हा तेच. लंडनमध्ये मिनीस्कर्टवाल्या मुलींनी दिओरच्या दुकानासमोर निदर्शनं केली, कारण कपडे पुन्हा लांब होऊ घातले होते. मिनीस्कर्टला नाव देणारी मेरी क्वांट म्हणायची, की लांबी कमी करायला रस्त्यावरच्या मुलीच सांगायच्या.
म्हणजे बायका स्कर्टसाठीसुद्धा भांडल्यात. बकुळी, तुझ्या लेकीला पँट हवी, माझ्या भाचीला आवडीने स्कर्ट हवा. उद्या ‘समानता’ म्हणून शाळेने सगळ्यांना पँट लावली तर मी पालकसभेत तुझ्याच खुर्चीवर उभी राहीन.

कायद्याचं बोला :
धागा वाचून राहवलं नाही. पॅरिसमध्ये १८०० साली पोलिसांचा हुकूम होता, की पुरुषांसारखी पँट घालायची तर बाईने परवानगी काढावी. हा हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे कधी सांगितलं? जानेवारी २०१३. दोनशे वर्षं कुणी तो पुसायची तसदी घेतली नाही.
दुसरं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली चार्टर डे स्कूल. मुलींना स्कर्ट सक्तीचा. शाळेच्या संस्थापकाचं कारण ऐका: मुलगी हे जपायचं नाजूक भांडं आहे, हे मुलांना कळावं म्हणून! पालक कोर्टात गेले. जून २०२२ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला, वर्षभराने सर्वोच्च न्यायालयाने शाळेचं म्हणणं ऐकायलाही घेतलं नाही.
तिसरं घरच्या खेळाचं. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने मोठ्या स्पर्धांत महिलांना स्कर्ट सक्तीचा करायचा घाट घातला. कारण? खेळ आकर्षक दिसावा, प्रेक्षक वाढावेत. ओरड झाली, २०१२ मध्ये गुंडाळावं लागलं. हव्या त्या खेळाडू आजही स्कर्ट घालून खेळतात, बाकीच्या शॉर्ट्समध्ये. स्मॅश तितकाच जोरात बसतो.

तिरकस तात्या :
कायदेवाले आले म्हणजे धागा संपला. तरी एक सांगतो. तुम्ही सगळे निवड-निवड करताय. गणवेश कशासाठी असतो? गरीब-श्रीमंत दिसू नये म्हणून. पर्याय दिलेत की एकीची पँट ब्रँडेड, दुसरीची फुटपाथवरची. आमच्या वर्गात सगळ्यांची खाकी चड्डी एकाच ठाणातली होती आणि सगळ्यांची मागून सारखीच विरलेली. त्यात एक बरं वाटायचं.

बकुळी :
तात्या, हा मुद्दा मला पटला. खरंच. बाईंनी तो मांडला असता तर मी गप्प बसले असते, निदान त्या दिवशी. पण त्याच निळ्या कापडाची, त्याच दुकानातली पँट आणि त्याच कापडाचा स्कर्ट, दोन्ही ठेवले तर गरीब-श्रीमंत कुठे दिसतं? मुलांना पँट शिवतातच, कापड वेगळं आणायला नको.
आणि झिम्मा, पाळीचा आणि बाथरूमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लेकीला विचारलं. ती म्हणाली, “त्या चार दिवशी मी स्कर्टच घालीन. बाकी दिवशी पँट.” म्हणजे तिला दोन्ही हवेत. अर्ज तसाच लिहिते. खाली अजून तीन आयांच्या सह्या मिळाल्यात, एका बाबांचीही.

शिवणटिपण :
अर्जात एक ओळ घाल. स्कर्टाला खिसा. मुलांच्या पँटीला दोन बाजूला दोन, मागे एक, आणि मुलींना रुमाल कंपासपेटीत. परकराला खिसा नव्हता, कारण नाणं पदराच्या किंवा रुमालाच्या गाठीत जायचं. शाळेच्या स्कर्टाला काय अडचण आहे? बाजूच्या शिवणीतच बसतो, चुणीत दिसतही नाही. वीतभर अस्तर लागतं, दहा मिनिटांचं काम.

झिम्मा फुगडी :
यावर माझी पण सही.

तिरकस तात्या :
खिशाला माझा विरोध नाही. नातीचा स्कर्ट पाठवला तर लावून द्याल का?

शिवणटिपण :
पाठवा. पण चुण्या उथळ असतील तर खिसा फुगलेला दिसेल, मग माझ्या नावाने ओरडू नका. आणि कुठल्या बाजूला हवा ते नातीला विचारून लिहा, डावखुरी असेल तर उजवीकडे उपयोग नाही.