मदत हवी आहे: एका २६ जुलैने अख्खा हीट मॅप फिका पाडलाय

मंडळी, मुंबईतल्या सांताक्रूझच्या रोजच्या पावसाचा हीट मॅप (प्रत्येक दिवसाचा एक चौकोन, जास्त पाऊस तितका गडद रंग) करतोय, आडव्या ओळीत वर्ष, उभ्यात जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस, पायथॉनमध्ये सीबॉर्न ही चार्ट काढायची लायब्ररी वापरून. गोची अशी की २६ जुलै २००५ चे ९४४ मिमी एका चौकोनात बसलेत आणि रंगपट्टी तिथपर्यंत ताणली जाते, त्यामुळे १५० मिमीचा दिवस, ज्या दिवशी आपण हिंदमाताला गुडघाभर पाण्यात उभे असतो, तोही रिमझिम पडल्यासारखा फिक्कट दिसतो.

करून बघितलेलं सांगतो. व्हीमॅक्स, म्हणजे रंगपट्टीची वरची मर्यादा, २०० ठेवला, बाकी मस्त उठून दिसलं पण मग २१० आणि ९४४ सेम टू सेम. लॉग स्केल (१, १०, १०० अशी पटीत वाढणारी) लावली तर कोरडे दिवस शून्य असल्याने गायब, कारण शून्याचा लॉग निघत नाही, पांढरी भोकं पडली, वर डेटाच नाहीये असं वाटतं (काही दिवसांचा खरंच नाहीये, तो करडा दाखवायचाय). एक्सेलच्या कलर स्केलमध्येही हीच रड.

चार्ट सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागणार, झेरॉक्स ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून लाल-हिरवा बाद, एकाच रंगाच्या गडद-फिकट छटाच हव्यात. माउस नेला की आकडा दिसतो वगैरे कामाचं नाही.

आता डोक्यात आहे की हवामान खात्याचे टप्पे घ्यावेत, ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अतिवृष्टी, आणि प्रत्येकाला एक छटा. पण मग ६० आणि ६५ मध्ये उगाच मोठी उडी दिसणार ना? की सलग स्केल २०० ला कापून ९४४ च्या चौकोनात नुसता आकडा छापू? तुम्ही काय केलं असतं?