‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ की ‘मीटिंग यू’? फ्रेझल व्हर्बनंतरचा ‘टू’

प्रश्न असा आहे: ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं असं शाळेत घोटून घेतलं, मग ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक का? आणि ते चूक असेल तर ‘आय सेट आउट टू मीट हिम’ बरोबर कसं?

शाळेतला नियम खोटा नाही, अर्धा आहे. इंग्रजीत आज ‘टू’ दोन आहेत आणि दिसायला ते अगदी सारखे आहेत. एक क्रियापदाला चिकटतो: टू गो, टू ईट, टू मीट. आपल्याकडे त्याचं काम बहुतेक वेळा ‘-ायला’ करतं: जायला, खायला, भेटायला. दुसरा ‘टू’ म्हणजे साधं शब्दयोगी अव्यय, ‘टू पुणे’मधला. त्याच्यापुढे नाम लागतं. ‘लुक फॉरवर्ड टू’ हे क्रियापद तीन तुकड्यांचं आहे (अशा जोड-क्रियापदांनाच ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात) आणि त्यातला तिसरा तुकडा हा दुसरा ‘टू’ आहे. म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ किंवा ‘टू युअर लेटर’ असं सहज म्हणता येतं. तिथे क्रियापद बसवायचं असेल तर आधी त्याचं नाम करावं लागतं, आणि ‘मीट’चं नाम ‘मीटिंग’. मराठीतसुद्धा ‘मीटिंग आहे’, ‘मीटिंग संपली’ असं आपण नाम म्हणूनच म्हणतो. तेवढं आठवलं तरी इथे पाय घसरत नाही.

ओळखायचा सोपा उपाय म्हणजे ‘टू’पुढे ‘इट’ (‘ते’ हे सर्वनाम) ठेवून पाहणं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ हे पूर्ण, चांगलं वाक्य आहे, म्हणजे पुढे ‘-इंग’ येणार. ‘आय सेट आउट टू इट’ मात्र ऐकताच लंगडं वाटतं, म्हणजे पुढे मूळ रूप. ‘ही ओन्ड अप टू इट’ चालतं, म्हणून ‘ही ओन्ड अप टू ब्रेकिंग द ग्लास’, काच आपणच फोडल्याचं त्याने कबूल केलं. ‘गेट डाउन टू इट’ चालतं, म्हणून ‘लेट्स गेट डाउन टू वर्किंग’.

आता मराठी माणूस नेमका इथेच का चुकतो? माझं मत असं की डोक्यात ‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे’ हे वाक्य असतं, आणि ‘भेटायला’ला ‘टू मीट’ हे उत्तर आपोआप येतं. त्याऐवजी ‘तुम्हाला भेटण्याची वाट पाहतोय’ असं मनात आणा. ‘भेटायला वाट पाहतोय’ असं कुणी म्हणत नाही. वाट कशाची तरी पाहायची असते, म्हणून आपण न शिकवता ‘भेटण्याची’ म्हणतो, म्हणजे क्रियापदाचं नाम करून त्याला षष्ठीचा प्रत्यय लावतो. जो फरक इंग्रजीत अवघड वाटतो तो आपल्या बोलण्यात रोज असतो. ‘तो सिगरेट ओढायला थांबला’ आणि ‘त्याने सिगरेट ओढणं थांबवलं’ यांत कुणाचा घोटाळा होतो का? पहिलं ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’, दुसरं ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’. ‘गिव्ह अप’ आणि ‘पुट ऑफ’ही या दुसऱ्या घरातले. सोडतो किंवा पुढे ढकलतो ती कृतीच असते, म्हणून ‘गेव्ह अप स्मोकिंग’, ‘पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट’.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मराठीवर भिस्त ठेवली तर फसाल. ‘गेट अराउंड टू’. आपण म्हणतो, ‘शेवटी कपाट आवरायला मुहूर्त लागला.’ इथे मराठीत ‘-ायला’ आहे, पण इंग्रजीत ‘आय फायनली गॉट अराउंड टू क्लीनिंग द कपबोर्ड’. असं अडेल तेव्हा मराठी बाजूला ठेवून ‘इट’ची परीक्षा घ्यावी.

आता ‘सेट आउट’, कारण मला स्वतःला हे फार आवडतं. मूळ अर्थ प्रवासाला निघणं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा जोड-क्रियापदांची छोटी यादी दिली, त्यात ‘सेट आउट’ आहे, आणि परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो असं तो तिथे सांगतो. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव तेव्हा नव्हतं. ते छापील रूपात 1925 मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथने आणलं, आणि हे नाव ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅडलीने सुचवल्याचंही त्याने नोंदवलं. प्रवासाला निघण्यातूनच ‘काहीतरी मनात धरून कामाला लागणं’ हा अर्थ आला, आणि निघायचं म्हटलं की कुठे, कशाला हे आलंच. म्हणून ‘सेट आउट टू प्रूव्ह’, सिद्ध करायला निघाला. उलट ‘एंड अप’मध्ये मनात धरलेलं काही नसतं. नकळत जिथे येऊन पोचलो ती अवस्था असते, म्हणून तिथे ‘-इंग’: ‘आय एंडेड अप पेइंग फॉर एव्हरीवन’. ‘एंडेड अप टू पे’ होत नाही. ‘करायला गेलो एक आणि झालं भलतंच’ या आपल्या बोलण्यात हे दोन्ही शेजारी बसलेत. ‘करायला गेलो’ तिथे ‘सेट आउट टू डू’, ‘झालं भलतंच’ तिथे ‘एंडेड अप डूइंग समथिंग एल्स’.

‘एंड अप’ला मराठीत एकच शब्द शोधू नका. आपली संयुक्त क्रियापदं ते काम उत्तम करतात. ‘नको नको म्हणता हो म्हणून बसलो’ यातलं ‘बसलो’ म्हणजे ‘एंडेड अप सेइंग येस’. तसंच ‘टर्न आउट टू बी’ला ‘निघणे’ इतकं चपखल दुसरं काही नाही. ‘आंबा आंबट निघाला’, ‘द मँगो टर्न्ड आउट टू बी सावर’. ‘तो आमच्या गावचाच निघाला’ हेही तसंच. भाषांतरात ‘असल्याचे आढळून आले’ असं वाचलं की वाईट वाटतं. ‘निघाला’ हाताशी असताना कशाला?

‘गो ऑन’ वेगळं पाहावं लागतं, कारण तिथे दोन्ही रूपं येतात. अर्थ मात्र पार बदलतो. ‘शी वेंट ऑन टीचिंग’ म्हणजे ती शिकवतच राहिली, तेच काम चालू. ‘शी वेंट ऑन टू टीच’ म्हणजे आधी दुसरं काही करत होती, पुढे शिकवू लागली. चरित्रपर लेखांत ‘वेंट ऑन टू बिकम’ नेहमी भेटतं: ‘पुढे ती न्यायाधीश झाली’. इथे ‘पुढे’ हा एक शब्द पुरतो. ‘कीप ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’ यांना ही दुसरी वाट नाही. तिथे कायम ‘-इंग’.

‘इट’च्या परीक्षेलाही मर्यादा आहे, ती सांगायला हवी. काही वेळा तोच शब्दसमूह दोन वेगळ्या जोडण्यांनी तयार होतो. ‘शी गॉट अप टू ड्रिंक वॉटर’ म्हणजे ती पाणी प्यायला उठली. इथे क्रियापद ‘गेट अप’ एवढंच आणि ‘टू ड्रिंक’ हा हेतू. पण ‘व्हॉट आर द किड्स गेटिंग अप टू?’ यात क्रियापदच ‘गेट अप टू’ आहे. पोरांची काय उठाठेव चाललीय, असं विचारणं. ‘जेवायला बसणे’, ‘बोलायला उभं राहणे’ या जातीची हेतूवाचक वाक्यं कुठल्याही क्रियापदानंतर येऊ शकतात. म्हणून आधी ‘टू’ कोणाचा ते बघायचं, मागच्या क्रियापदाचा की पुढच्या.

आणि हे दोन ‘टू’ मुळात वेगळे नव्हतेच. जुन्या इंग्रजीत ‘टो’ हे शब्दयोगी अव्ययच होतं आणि क्रियापदाच्या नामासारख्या रूपाला चतुर्थीचा प्रत्यय लागून ‘टो’ त्याच्याआधी यायचं: ‘टो ड्रिंकेन्ने’, म्हणजे ‘प्यायला’. पुढे प्रत्यय झिजून गेला, ‘टू’ तेवढा मूळ रूपाची खूण म्हणून उरला. आपल्या ‘करायला’तही चतुर्थीचाच ‘ला’ आहे, आणि जुन्या वळणाच्या मराठीत ‘करावयास’ लिहितात तिथे चतुर्थीचाच ‘स’. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषा हेतू सांगताना ‘कडे, साठी’ याच अर्थाच्या प्रत्ययाकडे वळल्या, हे मला खरोखर सुंदर वाटतं.

उलटी बाजूही आहे, म्हणजे ‘टू’च्या पोटात फ्रेझल व्हर्ब. ‘ट्राय टू फाइंड आउट’, ‘वाँट टू गिव्ह अप’ यांत अडचण नाही. अडतं ते सर्वनामाशी. ‘आईला पिकअप करायला गेलो’ असं आपण म्हणतो. मराठी हे फ्रेझल व्हर्ब अख्खं उचलते आणि पुढे ‘करणे’ लावते. लॉगइन करायला, चेकआउट करून, फॉलोअप घ्यायला, सगळं असंच. त्यामुळे ‘पिक’ आणि ‘अप’ आपल्या कानाला एकच शब्द वाटतात आणि मग ‘आय वेंट टू पिक अप हर’ असं वाक्य येतं. ‘पिक अप माय मदर’ आणि ‘पिक माय मदर अप’ दोन्ही चालतात. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे: ‘टू पिक हर अप’, ‘टू स्विच इट ऑफ’, ‘टू कॉल देम बॅक’. मात्र ‘लुक आफ्टर’सारख्या जोड्या फोडता येत नाहीत. तिथे ‘टू लुक आफ्टर हर’ असंच राहतं.