तपासणीत निर्दोष ठरलेली मराठी पीडीएफ स्क्रीन रीडर नीट का वाचत नाही?

प्रश्न (चोपडा तालुका, सोसायटी सचिव)

नमस्कार मंडळी. मी एका विविध कार्यकारी सोसायटीत सचिव आहे. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते आणि त्याआधी अहवाल सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो. गावात आप्पा म्हणून ओळखले जाणारे आमचे एक सभासद पूर्णपणे दृष्टिहीन आहेत. केळीची बाग आणि कर्जाचा हिशेब ते स्वतः सांभाळतात, आणि अहवाल दुसऱ्याकडून वाचून घेणे त्यांना मान्य नाही. म्हणून या वर्षी मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये टंकित केला, मथळ्यांना हेडिंगच्या शैली दिल्या, तक्त्यांची पहिली ओळ शीर्षओळ म्हणून नोंदवली, दस्तऐवजाची भाषा मराठी ठेवली आणि टॅगसह, म्हणजे मथळा, परिच्छेद, तक्ता कोणता हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या खुणांसह, पीडीएफ काढली. दृष्टिहीनांसह सर्वांना वाचता येईल अशा पीडीएफसाठीच्या पीडीएफ/यूए मानकाची तपासणी करणाऱ्या मोफत साधनाने एकही चूक दाखवली नाही.

नंतर आप्पांच्या ओट्यावर बसून मी त्यांच्या मोबाईलवर तीच फाइल स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ऐकली. ‘कर्ज’ या शब्दाचा उच्चार ‘कजर’ आणि ‘खर्च’चा ‘खचर’ असा होत होता. ‘किंमत’मधील वेलांटी आधी सुटी उच्चारली जाई आणि मग ‘कंमत’ ऐकू येई. कर्जवाटपाच्या तक्त्यात तर नुसते आकडे एकामागून एक येत राहिले. त्यांतला मुद्दलाचा कोणता आणि व्याजाचा कोणता, हे मला डोळस असूनही कानांनी कळेना. आप्पांनी एवढेच विचारले, “हाई मराठी शे का, भाऊ?”

दोष माझ्या कामात आहे, मानकात आहे की वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये?

उत्तर १ (भुसावळ, डीटीपी व्यावसायिक)

दादा, तुमच्या कामात दोष दिसत नाही. पीडीएफमध्ये मजकूर पानावर मांडलेल्या आकृत्यांच्या रूपात असतो आणि कोणती आकृती म्हणजे युनिकोडमधील कोणते अक्षर, हे सांगणारी यादी सोबत जोडलेली असते. इंग्रजीत आकृत्यांचा आणि अक्षरांचा क्रम बहुधा एकच असल्यामुळे तेवढ्यावर भागते. देवनागरीत मात्र पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, पण साठवली जाते नंतर. रफाराचा ‘र्’ आधी साठवला जातो, पण डोक्यावर चढतो पुढच्या अक्षराच्या. निर्यात करणाऱ्या सॉफ्टवेअरने आकृत्यांचाच क्रम ठेवला, की ‘कर्ज’चे ‘कजर्’ होते.

आता तपासणीत हे का सुटले, ते पाहा. २०१२ साली आलेल्या पीडीएफ/यूए-१ मानकाची अट अशी आहे की प्रत्येक आकृतीला युनिकोड मूल्य मिळाले पाहिजे. ‘कजर्’मधील प्रत्येक आकृतीलाही ते मिळालेले असते, शब्द मराठीत अस्तित्वात आहे की नाही, हे साधनाला कळत नाही. या मानकाच्या तपासणीसाठी बनवलेल्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉलमध्ये दोषांच्या १३६ शक्यता दिल्या आहेत आणि त्यांतील ४७ माणसानेच तपासायच्या आहेत. साधनाने दिलेला हिरवा शेरा या ४७ शक्यतांबद्दल काहीही सांगत नाही.

मूळ शब्द फाइलमध्ये वेगळा लिहून ठेवण्याची सोय ‘अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट’ या नावाने २००१ च्या पीडीएफ १.४ पासून आहे. परंतु निर्यात करणाऱ्याने ती लिहावी आणि वाचणाऱ्याने ती घ्यावी, हे दोन्ही जमून यावे लागते. फाइलमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तेथेही ‘कजर्’ दिसले, तर आधी निर्यातीचे सॉफ्टवेअर बदलून पाहा.

उत्तर २ (धुळे, बँक कर्मचारी)

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि कार्यालयात रोज एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर वापरते. संगणकावर टॅग असलेल्या तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत गेले, की नव्या रकान्याचे शीर्षक आधी ऐकू येते आणि नंतर आकडा. तीच फाइल मोबाईलवर उघडली, तर मी वापरून पाहिलेल्या अ‍ॅपपैकी बहुतेक टॅगकडे पाहतही नाहीत आणि पान ओळीने वाचत सुटतात. आप्पांच्या बाबतीत हेच घडले असणार.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. पीडीएफ/यूए-१ मानक केवळ फाइल करणाऱ्याला बांधत नाही. फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आणि स्क्रीन रीडरसारख्या साहाय्यक तंत्रज्ञानासाठीही त्यात स्वतंत्र कलमे आहेत. आपण मात्र तपासतो ती फक्त फाइल. शेतकऱ्याच्या हातातल्या फोनमधील अ‍ॅप ती कलमे पाळते का, हे कोणी विचारत नाही आणि सगळा भार तुमच्यासारख्या मनापासून काम करणाऱ्यावर येतो. २०२४ मध्ये पीडीएफ/यूए-२ प्रसिद्ध झाले. त्याचा मला आनंद आहे, पण मला आजचा अहवाल आज वाचायचा असतो.

म्हणून पीडीएफ अवश्य ठेवा, परंतु सोबत तोच अहवाल एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या, स्वरूपात पाठवा. तेथे मजकूर बोलण्याच्या क्रमानेच साठवलेला असतो आणि मोबाईलचा ब्राउझर मथळे व तक्ते ओळखतो. तक्त्यातील जोडलेले चौकोन सुटे करा. आणि पाठवण्यापूर्वी आप्पांना ऐकवा. त्यांच्याइतका चांगला तपासनीस तुम्हाला मिळणार नाही.

प्रश्नकर्ता

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. नोटपॅडमध्ये खरोखरच ‘कजर्’ आणि ‘वषर्’ उमटले. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून निर्यात केल्यावर कॉपी केलेला मजकूर शुद्ध आला; मोबाईलवर शब्दही बरेच सुधारले, तक्ता मात्र पूर्वीसारखाच राहिला. मग एचटीएमएल केली आणि काल संध्याकाळी आप्पांकडे नेली. ते मथळ्यावरून मथळ्यावर जात थेट खतविक्रीच्या तक्त्यापाशी थांबले, दोनदा ऐकले आणि वाहतुकीचा खर्च या वर्षी वेगळ्या सदरात का टाकला, असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर मला सभेत द्यायचे आहे. आज जुनी व्हाउचर काढून बसलो आहे.