ऊसतोड सुरू होतेय. उसात बिबट्याची बछडी सापडली की गर्दी कशी आवरता? (मदत हवी आहे)

रानातला पोऱ्या

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी वनरक्षक आहे. गोदाकाठच्या एका बीटवर (म्हणजे वनरक्षकाला नेमून दिलेला भाग) हे तिसरं वर्ष. गावाचं नाव टाकत नाही, समजून घ्या.

नातेवाइकांना वाटतं, नाशिक जिल्ह्यात वनखात्यात आहे म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला असणार. गळ्यात दुर्बीण, समोर फ्लेमिंगो. 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, तेव्हापासून तर 'पक्षी दाखव' म्हणून फोन येतात. पण ते अभयारण्य वन्यजीव विभागाचं, मी प्रादेशिकचा. माझ्या बीटात वन म्हणावं असे माळाचे चार तुकडे. बाकी सगळा ऊस, द्राक्षं, टोमॅटो, कांदा. भरतीला 4 तासांत 25 किलोमीटर चालून दाखवलं होतं, ते कशाला कोण जाणे. इथं मोटरसायकलवरच दिवस जातो.

सकाळी रोपवनात चक्कर. शेळ्या शिरल्यात का, तार कुणी कापली का. लाकडाची गाडी दिसली की पास बघायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून केलेले पट्टे. वासरू मारलं की पंचनामा, आणि तोही धावत, कारण 48 तासांत खबर नसली की भरपाईचं प्रकरण अडकतं आणि शेतकरी शिव्या मला घालतो. संध्याकाळी डायरी. एवढं सगळं जमतं.

जमत नाही ते पुढे सांगतो.

गेल्या हंगामात सकाळी साडेनऊला पोलीसपाटलांचा फोन, 'फडात वाघाची पिल्लं निघाली.' (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.) मी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर तिन्ही बछडी फडातून उचलून रस्त्यावर आणलेली. नुकतेच डोळे उघडलेले, मांजराएवढे जीव. एक जण छातीशी धरून फोटो काढत होता, दुसऱ्यानं बाटलीच्या टोपणातून गाईचं दूध पाजलेलं. माणसं दोनशेच्या आसपास असतील. मी एकटा, हातात काठी आणि शिट्टी. 'मागं सरका' म्हटलं तर मागची पोरं पुढच्यांना ढकलून अजून जवळ. बछडी ताब्यात घेतली, गाडीच्या केबिनमध्ये ठेवली, काचा चढवल्या. काचेलाही मोबाइल लावले लोकांनी.

पशुवैद्यकांनी तपासलं, तिन्ही ठणठणीत. संध्याकाळी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये थोडं पाचट टाकून त्याच सरीत ठेवली, वर दुसरं कॅरेट नुसतं पालथं, आईला पाडता येईल असं. समोर ट्रॅप कॅमेरा. आम्ही लांब चारीच्या पलीकडे बसलो. आठच्या सुमाराला बांधावर एकेक दुचाकी येऊन उभी राहायला लागली, हेडलाइट सगळे उसाकडं. जाऊन विनवण्या केल्या. एक गाडी गेली की दोन आल्या. त्या रात्री आई आली नाही. पहाटे बछडी उचलली, दिवसभर सांभाळली, दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवली. त्या दिवशी पाऊस भुरभुरला म्हणून लोक घरी राहिले. साडेदहाला ती आली. कॅमेऱ्यात दिसतं, कॅरेट पंजानं उलटं केलं, एकेक तोंडात धरून तीन खेपा केल्या.

मला वाटलं, चला, झालं काम. सकाळी ग्रामपंचायतीसमोर विचारणा, 'एकाचे चार करून सोडले का साहेब?' मी साहेब नाही, वनरक्षक आहे, पण राग आला की सगळे साहेब म्हणतात.

आता पंधरा दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या येतील. मला हवंय ते असं:

गर्दीचं काय करता? मुकादमांशी आधी बोललं तर उपयोग होतो का, की ते नुसतं हो म्हणतात? आणि 'पिंजरा लावा' म्हणणाऱ्याला काय उत्तर देता, जे त्याला पटेल? 'वन्यजीव कायदा 1972, अनुसूची एक', म्हणजे बिबट्याला कायद्याचं सगळ्यात कडक संरक्षण, हे मी एकदा सांगून बघितलं. एक म्हातारे बाबा म्हणाले, मग अनुसूचीलाच दूध घालायला लाव.

---

मळ्यातला

तुमचं बछड्यांचं कौतुक वाचलं. आता आमचं ऐका. आमचा मळा गावापासून दोन किलोमीटर. थ्री फेज लाइट आठवड्यातून तीन-चार दिवस रात्रीच येते. बारा वाजता मोटर चालू करायला मी उसाच्या कडेनं जातो, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं. पोरगी सकाळी सायकलवर शाळेत जाते, तिच्यामागं मोटरसायकल घेऊन मी जातो. तुमची ती आई तीन खेपा करून बछडी कुठं घेऊन गेली? शेजारच्या फडात. तो फड माझा असला तर मी काय करू?

---

रानातला पोऱ्या

मळ्यातला दादा, खोटं नाही बोलत, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असतं तर धागाच काढला नसता. लाइट दिवसा मिळाली तर माझे निम्मे फोन बंद होतील. ते माझ्या हातात नाही. पोरीला एकटी सोडत नाही ते बरोबरच करता.

---

निवृत्त वनपाल

तेहतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची दहा उसाच्या पट्ट्यात. क्रमानं सांगायची सवय नाही, आठवेल तसं लिहितो.

गर्दी आल्यावर आवरत नाही. ती येऊच द्यायची नाही. बछडी सापडल्याचा फोन आला की पहिलं वाक्य, 'हात लावू नका, काम थांबवा, माणसं फडाबाहेर काढा, गावात कुणाला कळवू नका.' मी हे प्रत्येक मुकादमाकडून पाठ करून घ्यायचो, अक्षरशः म्हणवून घ्यायचो. नुसत्या सूचनेला ते हो म्हणतात, तुझं बरोबर आहे. टोळी ज्या दिवशी उतरते त्या संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जायचं, चहा घ्यायचा आणि बायकांशी बोलायचं. पुरुष तोडत असतात, मोळी बांधायला आणि वाढं (उसाचे शेंडे) गोळा करायला वाकतात त्या बायकाच, पिल्लू आधी त्यांनाच दिसतं. त्यांची स्वतःची लेकरं फडाच्या कडेला झोळीत असतात, त्यांना हे पटकन कळतं. झोळी उसाला चिकटून बांधू नका, उघड्यावर बैलगाडीजवळ बांधा, हे त्याच वेळी सांगायचं. याबद्दल तुझ्या धाग्यात अवाक्षर नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरं, फड चारी बाजूंनी घेरून तोडू देऊ नको. एका अंगानं तोडत जायचं, समोरच्या अंगाला ऊस किंवा ओढा असू दे. जनावराला निघायला वाट राहिली की ते निघतं. मधोमध पट्टा उरला की मग उडी माणसावर.

रात्रीच्या हेडलाइटवाल्यांसाठी: तू त्यांच्याकडं गेलास तिथंच चुकलं. गावातल्याच चार दांडग्या पोरांना दुपारीच नेमायचं, बांधावर येणारा रस्ता त्यांनी दोन्हीकडून ट्रॅक्टर आडवा लावून बंद करायचा. पोलीस ठाण्याला दुपारीच लेखी कळवायचं. फारच झालं तर तहसीलदारांकडून जमावबंदी. पूर्वीचं कलम 144, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 163 आहे. मी आयुष्यात एकदाच वापरलं. गावाला राग येतो आणि तो हंगामभर टिकतो.

---

गोदाकाठ

पिंजऱ्याबद्दल लिहितो. गावकऱ्याला आकडे सांगू नका, 'आजोबा'ची गोष्ट सांगा. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या काढला, गळ्यात माग कळणारी कॉलर बांधून माळशेजला सोडला. महिन्याच्या आत तो चालत मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. संशोधकांनी नाव ठेवलं आजोबा. वाटेत माणसाच्या वाटेला गेला नाही. गोष्ट संपली की मी विचारतो, इथला धरून तिकडं सोडला तर तिकडचा इथं येणार नाही कशावरून? लोक हसतात, पण विचारही करतात.

आणि बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम सांगा. जुन्नरच्या पट्ट्यात बिबटे पकडून दुसरीकडं सोडायला लागले, त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. शिवाय अकोल्याच्या उसात (आपल्या शेजारचं अकोले हो, विदर्भातलं नाही) 100 चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले होते कॅमेऱ्यात. म्हणजे एक धरल्यानं रान मोकळं होत नाही.

---

मळ्यातला

आजोबाची गोष्ट चांगली आहे. पण माझ्या बायकोला ती रात्री बारा वाजता सांगून बघा.

तरी, मुकादमाला पाठ करून घ्यायचं ते पटलं. आमच्याकडची टोळी सोमवारी उतरणार आहे. पोऱ्या, तुझं बीट जवळचंच दिसतंय. आमच्या गावात येशील का? चहा माझ्याकडं.

---

रानातला पोऱ्या

येतो दादा. निरोप पाठवलाय, बघा.

वनपालसाहेब, झोळीचं खरंच डोक्यात नव्हतं. गेल्या वर्षी त्याच फडाच्या कडेला दोन लेकरं झोपलेली होती, मी बछड्यांच्या गडबडीत बघूनही बघितली नाहीत. कोप्यांवर जाताना मळ्यातल्या दादांना बरोबर नेईन. मी बोललो तर सरकार बोलतं, ते बोलले तर शेजारी बोलतो.

अजून एक विचारायचं राहिलं. ट्रॅक्टर आडवा लावणाऱ्या पोरांना रात्रभराचं जेवण, चहा कुठल्या खर्चात दाखवायचं? हसू नका, गेल्या वर्षीचे साडेचारशे रुपये अजून माझ्याच खिशातून गेलेत.