झुकिनी कडूजहर निघाली, शेजारच्या लाल भोपळ्यामुळे का?

मुळशीची_माती
नमस्कार मंडळी. घरामागे चारपाच गुंठे जागा आहे, तिथे मागच्या वर्षी पाकिटातलं हायब्रीड बी आणून झुकिनी लावली होती, मस्त आली. एक फळ पानाखाली राहून गेलं ते हातभर वाढलं, म्हटलं जून होऊ दे आणि त्याचंच बी धरलं. यंदा त्यातली सात रोपं लावली, एक मेलं. चार झाडांना झुकिनीच आहे पण एकसारखी नाही, कुठे फिकी कुठे गडद, एकाची तर पिवळसर. आणि उरलेल्या दोन झाडांना बुटकी, पट्टेवाली, पेरूएवढी फळं, अंगावर चामखिळी असल्यासारखे फोड. त्यातलं एक भाजीसाठी चिरलं, सवयीने कच्चा तुकडा तोंडात टाकला तर कडूजहर!! थुंकलं, चूळ भरली, गूळ खाल्ला तरी जीभ कडूच.

बांधावर लाल भोपळ्याचा वेल आहे (सासूबाई डांगर म्हणतात), मागच्या वर्षीही होता. मधमाश्यांनी त्याचे पराग आणले आणि संकर झाला असं आमच्या ह्यांचं म्हणणं, म्हणून तो वेल उपटायचा. सासूबाई म्हणतात हात लावून दाखव, घारग्यांचा भोपळा आहे तो. घरात अक्षरशः विळ्या-भोपळ्याचं सख्य चालू आहे. नक्की काय झालं असेल?

बांधावरून
ताई, पाण्याचा ताण बसला की काकडी कडू होते तसंच असणार, ऊन पण यंदा बेक्कार होतं. आणि हायब्रीडचं बी धरायचंच नसतं, दरवर्षी नवीन पाकीट घ्यायचं.

जुना_मास्तर
ताण बसला तर सहाही झाडं थोडीफार कडू व्हायला हवी होती, दोनच कशी? आणि फोड काही पाण्याच्या ताणाने येत नाहीत.

ताई, वेल उपटू नका, डांगर निर्दोष आहे. आपला लाल भोपळा म्हणजे कुकुर्बिटा मोशाटा आणि झुकिनी म्हणजे कुकुर्बिटा पेपो. दोघांची गुणसूत्रं ४०च, फुलं लांबून सारखीच, पण प्रजाती वेगळ्या. देठ बघा, डांगराचा देठ फळाला चिकटतो तिथे फुलासारखा पसरतो, झुकिनीचा तसा पसरत नाही, कंगोरेदार असतो. ह्या दोघांचं सहजासहजी जुळत नाही. झुकिनीला पिवळ्या मोझॅकचा व्हायरस फार छळतो आणि त्याला दाद न देणारे वाण मोशाटात आहेत, नायजेरियातला एक, पोर्तुगालचा मेनिना. तो गुण झुकिनीत आणायला ब्रीडर लोकांना बऱ्याचदा कोवळ्या बियांतून भ्रूण काढून बाटलीत वाढवावा लागतो. तुमच्या बांधावर ते काम एका माशीने सकाळी सातला उरकलं असं म्हणणं जरा जास्तच होतंय.

आता खरा प्रश्न. मागच्या वर्षी जवळपास कोणी शोभेचे छोटे भोपळे लावले होते का, ते टेबलावर टोपलीत ठेवतात तसले?

मुळशीची_माती
अय्यो. हो!! नणंद न्यू जर्सीहून आली होती तिने मुलांसाठी चार बिया आणल्या होत्या. कुंपणावर चढवला होता वेल. पण मागच्या वर्षी झुकिनी अजिबात कडू नव्हती हो, आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

जुना_मास्तर
सापडला चोर. (बी असं सामानातून आणू नये, नणंदबाईंना सांगा, रोग पण सोबत येतात.)

ते शोभेचे पण बहुतेक पेपोच असतात, म्हणजे झुकिनीचे सख्खे भाऊबंद. मागच्या वर्षी फळ गोड लागलं कारण फळाचा गर हा आईचा, पराग कुणाचेही असोत. बाप उतरतो तो बियांत, म्हणून भानगड एक वर्ष उशिरा कळते. एका फळात शेकडो बिया, सगळ्यांचा बाप एकच असेल असं नाही, म्हणून सहातली दोनच बिघडली. आणि कडूपणा हा प्रभावी गुण आहे, एका बाजूने जरी आला तरी फळ कडू. त्या दोन झाडांचं प्रत्येक फळ कडूच असणार.

बाकी चार झाडांच्या रंगांचं कारण वेगळं, हायब्रीडमध्ये एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत फुटून वेगवेगळे झाले. बीएस्सीला नातवंडांतल्या रंगांचं १२:३:१ हे प्रमाण घोकलंय का कोणी? पांढरा, पिवळा, हिरवा? ते ह्याच भोपळ्यावरचं काम. अमेरिकेत सिनॉट म्हणून होते त्यांनी १९२०च्या दशकात समर स्क्वॉशचे (झुकिनी त्यातलीच) रंग आणि आकार पिढ्यानपिढ्या मोजले. गोल गुणिले गोल केलं तर पोरं चपटी निघायची, आणि नातवंडांत चपटी, गोल, लांब ९:६:१. मी पंचवीस वर्षं हे फळ्यावर शिकवलं आणि झुकिनी पहिल्यांदा पाहिली ती रिटायर झाल्यावर मॉलमध्ये.

केतकी_पी
मास्तर भारी. माझाही ह्या प्रश्नाला पेपरात भोपळा मिळाला होता 😄

पण एक सिरियस गोष्ट, ती कडू फळं शिजवून बघू नका, गाईला पण घालू नका. कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, ते शिजवून जात नाही, उलट्या-जुलाब, कधी रक्त पडतं. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक आजोबा गेले. आपल्याकडे दुधीच्या रसाचं तेच, आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) समिती नेमून सांगितलं की कडू लागला तर पिऊ नका. कडू ते औषधी वगैरे इथे चालवू नका प्लीज.

मुळशीची_माती
दोन्ही झाडं आत्ताच उपटली, फळं खड्ड्यात पुरली. ह्यांना वाचून दाखवलं, गप्प आहेत. सासूबाई मात्र गप्प नाहीत. ती पिवळसर झुकिनी चवीला छान आहे, तिचं बी धरता येईल का?

जुना_मास्तर
धरा की. भोपळावर्गाचं एक बरं आहे, मक्यासारखं नाही, झाडाचे पराग त्याच झाडाला दिले तरी पुढची पिढी खुरटत नाही. फक्त माशीच्या भरवशावर राहू नका. बीजोत्पादनाला अर्धा ते एक किलोमीटर अंतर सोडतात, ते तुम्हाला जमणार नाही.

बांधावरून
हे मी करतो, सांगतो. संध्याकाळी टोक पिवळं झालेली कळी बघायची, उद्या उमलणारी, मादी (मागे छोटं फळ असतं) एक आणि त्याच झाडाचे नर दोन, टोकाला दोऱ्याने बांधून टाकायचं. सकाळी साडेसहाला नराच्या पाकळ्या सोलून पराग मादीवर फिरवायचे, मादी परत बांधायची आणि देठाला खुणेसाठी लोकरीचा धागा. दुपारी फूल मिटतं, मग उपयोग नाही. बाकी मास्तर म्हणतात ते बरोबर दिसतंय, पाण्याचं माझं चुकलं.

मुळशीची_माती
आज चार बांधली. दोन मुंग्यांनी पोखरली, एक मुलाने सोडून बघितलं आत काय आहे. एका मादीला लाल धागा आहे.