मदत हवी आहे : प्रियसचे स्पार्क प्लग घरीच बदलायचे आहेत, शनिवारपूर्वी उत्तर मिळावे

एडिसनकर (बुधवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझ्या टोयोटा प्रियसचे चारही स्पार्क प्लग येत्या शनिवारी मला घरीच बदलायचे आहेत. येथे न्यू जर्सीत गॅरेजवाल्याने मजुरीसह ३८० डॉलर सांगितले. ज्या कामाचे सामान साठ-सत्तर डॉलरांत येते, त्यासाठी एवढे पैसे मोजण्याची माझी तयारी नाही. बॉनेट उघडून पाहिले, तर इंजिनाचा मागचा भाग समोरच्या काचेखालच्या प्लास्टिकच्या पन्हाळीखाली दडलेला आहे आणि कॉइलवर (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागावर) पाना सरळ उभा राहत नाही. ती पन्हाळ न काढता काम होते का, सॉकेट १४ मिलिमीटरचे लागते की १६ चे, आणि गाडी हायब्रिड असल्यामुळे विजेचा धक्का बसण्याची भीती खरी आहे का, एवढेच तीन प्रश्न आहेत. मेहुण्यांच्या मते हायब्रिडच्या इंजिनाला घरी हात लावणे म्हणजे महावितरणच्या डीपीत हात घालणे आहे. "गॅरेजला द्या" हा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

पाना_पक्कड (बुधवार, रात्री १०.१५)

गाडी कोणत्या सालची आहे, किती चालली आहे आणि प्लग बदलण्याचे मुळात का ठरवले, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. "प्रियस" एवढ्यावरून काही सांगता येत नाही. २००४ ते २००९ या दुसऱ्या पिढीत दीड लिटरचे इंजिन होते, त्यानंतरच्या पिढीत १.८ लिटरचे आले, आणि दोन्हींचे प्लग वेगळे आहेत. ठरलेले मैल भरले म्हणून प्लग बदलायचे आहेत, की गाडी काही त्रास देते आहे?

चेतकस्वार (गुरुवार, सकाळी ७.०५)

अहो, एवढ्यासाठी नवे प्लग कशाला? आम्ही साताऱ्यात बजाज चेतकचा प्लग दर पंधरा दिवसांनी काढत असू, पॉलिश पेपरने घासत असू, काजळी झटकून, फुंकर मारून पुन्हा लावत असू आणि त्याच स्कूटरवर सहकुटुंब महाबळेश्वराचा घाट चढत असू. प्लग काढा, ब्रशने स्वच्छ करा, टोक किंचित दाबून फट कमी करा आणि परत बसवा. बसवताना आट्यांना थोडे ग्रीस लावायला विसरू नका. पुढच्या वेळी काढताना माझी आठवण येईल.

टॉर्कमास्तर (गुरुवार, सकाळी ८.२०)

चेतकस्वार काका, आपल्या अनुभवाचा आदर आहे, पण या एका प्रतिसादात तीन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून कोणी तसे केले, तर त्याचे नुकसान होईल. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईल जळत असे, म्हणून प्लगवर काजळी धरत असे आणि तो घासणे योग्यही होते. प्रियसमध्ये इरिडियमचा प्लग असतो. त्याचे मधले टोक तारेसारखे बारीक असते, त्याला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावला की ते खराब होते, आणि फट ठरवण्यासाठी ते दाबले तर तुटते. फट कारखान्यातूनच ठरून येते. तिसऱ्या पिढीच्या प्रियसला चालणाऱ्या डेन्सोच्या "एससी२०एचआर११" या प्लगच्या क्रमांकातले शेवटचे ११ म्हणजे १.१ मिलिमीटरची फट.

ग्रीसविषयी तर डेन्सो आणि एनजीके या दोन्ही कंपन्या स्पष्ट सांगतात की त्यांच्या मुलामा दिलेल्या आट्यांना काहीही लावू नये. आटे निसरडे झाले की टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) तोच आकडा दाखवत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे. त्याचे आटे गेले की ३८० डॉलर स्वस्त वाटू लागतात.

चेतकस्वार (गुरुवार, सकाळी ८.५५)

चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही आटा गेलेला नाही.

टॉर्कमास्तर (गुरुवार, सकाळी ९.०२)

चेतकचा आटा, काका.

एडिसनकर (गुरुवार, सायंकाळी ६.३०)

सर्वांचे आभार, पण माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर अजून मिळालेले नाही. गाडी २०११ ची आहे, म्हणजे तिसऱ्या पिढीची, आणि १,३८,००० मैल चालली आहे. पुस्तिकेनुसार प्लग १,२०,००० मैलांवर बदलायला हवे होते, ते राहून गेले. दोन-तीन आठवड्यांपासून सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झाले की गाडी अर्धा मिनिट गदागदा हलते आणि मग शांत होते. मागच्या सोमवारी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड वाचला तर पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तेथे इंधन नीट पेटत नाही. प्लगच गेले आहेत हे उघड असल्यामुळे हे सगळे आधी लिहिण्याची गरज वाटली नव्हती.

पाना_पक्कड (गुरुवार, सायंकाळी ७.१०)

हे सगळ्यात आधी लिहायला हवे होते! आता प्रश्न केवळ प्लगचा राहिलेला नाही. फक्त थंड इंजिनावर, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, एकाच सिलिंडरचा मिसफायर आणि तोही अर्ध्या मिनिटात थांबणारा, हे लक्षण या पिढीच्या प्रियसच्या मालकांना चांगले परिचयाचे आहे. हेड गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारा थर) कमजोर झाले असेल, तर गाडी बंद असताना कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) उरलेल्या दाबामुळे त्याचे काही थेंब रात्रभरात सिलिंडरमध्ये उतरतात आणि सकाळी ते जळून जाईपर्यंत गाडी हलते. कूलंटची पातळी कमी होत आहे का?

प्लग थकले असण्याची शक्यता मी नाकारत नाही, कारण मैल उलटून गेलेले आहेत. पण थकलेले प्लग बहुधा चढावर आणि जोर दिल्यावरही जाणवतात, केवळ सकाळी नाही. शिवाय या गाडीत इंजिन फिरवायला वेगळा स्टार्टर नसतो. एमजी१ ही मोटर इंजिनाला चांगल्या वेगाने फिरवते आणि मगच ठिणगी पडते. त्यामुळे साध्या पेट्रोल गाडीसारखे "सेल्फ मारत बसावे लागते" असे येथे होत नाही, दोष थेट हादऱ्यांतूनच दिसतो.

एडिसनकर (गुरुवार, सायंकाळी ७.२५)

कूलंट पाहिला. पारदर्शक टाकीत गुलाबी पाणी दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये आहे. त्यामुळे गॅस्केटचा विषय येथे संपवून कृपया सॉकेटकडे वळावे.

ऑकलंडची_सई (गुरुवार, रात्री ८.००)

मी न्यूझीलंडमध्ये राहते. येथे जपानमधून आलेल्या वापरलेल्या हायब्रिड गाड्या गल्लोगल्ली दिसतात आणि माझ्याकडेही टोयोटाची ॲक्वा आहे. तिचे प्लग मी स्वतः बदलले आहेत, तेही पन्हाळ न काढता, एक लांब एक्स्टेन्शन आणि एक वळणारा सांधा वापरून. दीड तास लागला. माझा मुख्य सल्ला मात्र वेगळा आहे. मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जी जाळी असते, तिच्यात धूळ आणि कुत्र्याचे केस अडकतात, ती आधी स्वच्छ करावी. आमच्याकडे त्या जाळीतून निघालेल्या केसांत आणखी एक कुत्रा झाला असता.

टॉर्कमास्तर (गुरुवार, रात्री ८.३५)

सईताई, जाळीचा सल्ला चांगला आहे, पण तो त्यांनी विचारलेला नाही. शिवाय ॲक्वात दीड लिटरचे इंजिन आहे, यांचे १.८ चे आहे. पन्हाळ न काढता ते करणारे लोकही आहेत, मात्र वळणारा सांधा मध्ये घातला की प्लग तिरपा बसण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने पन्हाळ काढावी, असे माझे ठाम मत आहे. वायपरचे दोन्ही हात काढावेत, त्याआधी ते काचेवर कोठे टेकतात तेथे चिकटपट्टीने खूण करावी, मग रबरी पट्टी आणि क्लिपा सोडवून पन्हाळ उचलावी आणि तिच्याखालची वायपरची मोटर व पत्रा बाजूला करावा. यात अर्धा तास जास्त जातो, पण कॉइल समोर सरळ दिसू लागतात.

सॉकेटविषयी माझे उत्तर असे की इंटरनेटवर १४ आणि १६ असे दोन्ही आकडे सापडतील आणि दोन्ही सांगणारे तितक्याच खात्रीने सांगतील. माझ्या आधीच्या २००७ च्या प्रियसला १६ चे लागले होते आणि तिचा टॉर्क १८ न्यूटन-मीटर होता, पण ते इंजिन वेगळे. आपण नवे प्लग आधी घ्या, ते दुकानातच सॉकेटमध्ये घालून पाहा आणि जे चपखल बसेल ते विकत घ्या. सॉकेटची भिंत पातळ हवी आणि आत रबर किंवा चुंबक हवा, नाहीतर प्लग त्याच्या खोल विहिरीत, म्हणजे हेडमधल्या भोकात, सुटतो. टॉर्कचा आकडा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. अमेरिकेत सुट्या भागांची मोठी दुकाने अनामत रक्कम घेऊन टॉर्क पाना वापरायला देतात आणि पाना परत केला की पूर्ण रक्कम मिळते. प्लग ऑनलाइन फार स्वस्त मिळाले, तर घेऊ नयेत, कारण नकली प्लग हुबेहूब खोक्यात येतात.

एडिसनकर (गुरुवार, रात्री ९.०५)

आभार. आणि विजेचा धक्का?

पाना_पक्कड (गुरुवार, रात्री ९.५०)

मेहुण्यांची भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची आहे आणि इन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत वाढवतो, पण हा सगळा प्रवाह नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांतून जातो आणि प्लगच्या कामात त्यांना हात लावण्याचा प्रसंगच येत नाही. कॉइलची तार साध्या १२ व्होल्टच्या जोडणीतली असते.

खरा धोका असा की गाडी "रेडी" स्थितीत राहिली, तर बॅटरीची पातळी उतरताच इंजिन कोणाला न विचारता आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी आपला हात बॉनेटखाली असू शकतो. म्हणून गाडी पूर्ण बंद करावी, स्मार्ट किल्ली खिशात न ठेवता घरात ठेवून यावी आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडवावी. ही बॅटरी बॉनेटखाली नसून मागे डिकीत उजव्या बाजूला आहे. येथे एक गंमत आहे, जी मी स्वतः भोगली आहे. डिकीचे कुलूप विजेवर चालते. तार सोडवल्यावर डिकी लावून घेतली, तर ती बाहेरून उघडत नाही आणि मागच्या सीटवरून रांगत आत जावे लागते. काम संपेपर्यंत डिकी उघडीच ठेवा.

आता पुन्हा कूलंट. या गाडीत कूलंटच्या दोन स्वतंत्र टाक्या आहेत, एक इन्व्हर्टरची आणि एक इंजिनाची. आपण कोणती पाहिली?

एडिसनकर (शुक्रवार, सकाळी ६.४५)

इन्व्हर्टरची पाहिली होती. इंजिनाची आत्ता पाहिली, पातळी खालच्या खुणेच्याही खाली आहे. प्लग मात्र मी उद्या बदलणारच, कारण ते आणून झाले आहेत.

पाना_पक्कड (शुक्रवार, सकाळी ७.३०)

अवश्य बदला, कारण प्लग बाहेर काढणे हीच आता सर्वांत स्वस्त तपासणी आहे. फक्त चार गोष्टी सांभाळा. इंजिन रात्रभर थंड झालेले असू द्या. कॉइल काढल्यावर प्लग सोडवण्यापूर्वी विहिरीतला कचरा हवेने उडवून टाका, नाहीतर तो सिलिंडरमध्ये पडेल. जुने प्लग काढले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा. आपल्या गाडीत १ क्रमांक टायमिंग चेनच्या बाजूचा, म्हणजे अमेरिकेतल्या गाडीत प्रवाशाच्या बाजूचा आहे. आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल चौथ्यावर व चौथ्याची दुसऱ्यावर लावा. कोड पी०३०४ झाला तर दोष कॉइलचा, दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष.

प्लग बाहेर असतानाच मोबाईलला जोडता येणारा बारीक कॅमेरा विहिरीतून आत सोडून पिस्टनचा माथा पाहा. तिघांवर काजळी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर तेथे कूलंट उतरत आहे असे समजावे. नवे प्लग बसवताना सुरुवातीचे आटे केवळ बोटांनी, एक्स्टेन्शन हातात धरून फिरवा. जरा जरी अडले तरी मागे घ्या.

चेतकस्वार (शुक्रवार, सकाळी ८.१०)

हे शेवटचे बरोबर आहे. आम्हीही बोटांनीच लावत असू. आणि कूलंट कमी असेल तर तूर्त फिल्टरचे पाणी घालून चालते.

टॉर्कमास्तर (शुक्रवार, सकाळी ८.४०)

न्यू जर्सीच्या थंडीत नको, काका. नुसत्या पाण्याचे तेथे बर्फ होईल. तयार गुलाबी कूलंटच घालावा, आणि किती घातला हे लिहून ठेवावे, म्हणजे आठवड्याला किती उतरतो ते कळेल.

एडिसनकर (शनिवार, सायंकाळी ४.२०)

काम झाले. पन्हाळ काढली आणि कोठेही तिरपे काही करावे लागले नाही. सॉकेट दुकानातच प्लगवर घालून घेतले. एकूण तीन तास लागले, त्यांतला पाऊण तास वायपरचा डावा हात सुटण्यात गेला. १, ३ आणि ४ क्रमांकांच्या प्लगांची टोके सारखीच करडी-तपकिरी होती, २ चे पांढरट आणि स्वच्छ. कॅमेऱ्यात दुसरा पिस्टन नव्या भांड्यासारखा चकचकीत दिसला. डिकी उघडी ठेवली होती, त्याबद्दल विशेष आभार.

एडिसनकर (रविवार, सकाळी ९.१५)

कॉइलची अदलाबदल केली होती. आज सकाळी गाडी पुन्हा हलली आणि कोड पी०३०२ च आला. भाड्याने आणलेल्या पंपाने कूलंटला दाब दिला, तो तासाभरात उतरला आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही. म्हणजे गॅस्केटच. मंगळवारी दुसऱ्या एका गॅरेजात दाखवतो आहे. तोपर्यंत गाडी चालवावी का?

पाना_पक्कड (रविवार, सकाळी ९.४०)

चालवू नये. रात्रभरात जास्त कूलंट उतरला आणि सकाळी पिस्टनने तो दाबण्याचा प्रयत्न केला, तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विषय हेड गॅस्केटचा न राहता संपूर्ण इंजिनाचा होतो. गॅरेजवाल्याला ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी यंत्रणा) चा कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधली) ईजीआरची छिद्रेही काढून साफ करायला सांगा, कारण या इंजिनात ती काजळीने तुंबतात, आणि गॅस्केट बदलून ती तशीच ठेवली, तर काम अर्धेच होईल. हेड सपाट आहे का, हे मोजून पाहायलाही सांगा. नवे प्लग वाया गेले असे समजू नका, मैलांच्या हिशेबाने ते बदलायचेच होते.

एडिसनकर (रविवार, सकाळी ९.५५)

ठीक आहे, गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करतो. मेहुण्यांना अद्याप काही सांगितलेले नाही. एक शेवटचा प्रश्न : पन्हाळ बसवल्यावर एक काळी क्लिप आणि १० चा एक बोल्ट उरला आहे. ते कोठले असावेत?

टॉर्कमास्तर (रविवार, सकाळी १०.०५)

क्लिप पन्हाळीची असेल, तिचे फार बिघडत नाही. बोल्ट मात्र कॉइलचा असू शकतो. चारही कॉइल हाताने हलवून पाहा आणि बोल्टाचा फोटो येथे टाका.